मुलाला एक मोठा मित्र हवा

(खोपट, ठाणे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा मेळाव्यात बोलायला उभे राहणारे वक्ते बहुधा दोन विषयांवर बोलतात. मुलांनी किती टक्के गुण मिळवावेत, हा एक. आणि पालकांनी मुलांसाठी किती त्याग करावा, हा दुसरा. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर बोलायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी आज वरवर पाहता किरकोळ वाटणारा एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवणार आहे. तुमच्या मुलाला एखादा मोठा मित्र आहे काय?

मोठा म्हणजे वरच्या वर्गातला नव्हे. तुमच्या वयाचा, कदाचित तुमच्याहूनही वडील. जगाच्या दृष्टीने तो बापाचा दोस्त असेल किंवा आईची मैत्रीण असेल. पण मुलाच्या हिशेबी तो मुलाचाच दोस्त.

हा प्रश्न पूर्वी विचारावा लागत नसे. आपल्यापैकी पुष्कळांची घरे मूळची कोकणातली. तिथे मोहल्ल्यातले मूल सगळ्या मोहल्ल्याचे असे. कोणाच्या पडवीत बसून जाळे विणणे पाहावे, कोणाच्या मागे मागे वाडीत हिंडावे, कोणाकडून दर्याच्या गोष्टी ऐकाव्यात, यात त्याचा दिवस जाई. रोजगारासाठी आपण मुंबईस आलो, ठाण्यास आलो. इथेही चाळी होत्या तोवर सामायिक गॅलरीने ते काम थोडेफार केले. आता चाळींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. इमारती चांगल्या आहेत; पाणी घरात येते, संडास घरात आहे, याबद्दल अल्लाहचे आभारच मानावेत. परंतु दार बंद झाले. नाना-नानी गावी राहिले. आई-वडील आणि शिक्षक यांखेरीज मुलाशी बोलणारा मोठा माणूस उरला नाही. आणि आई-वडील व शिक्षक मुलाशी काय बोलतात? जेवलास का, अभ्यास झाला का, वही कुठे आहे. ही सारी चौकशी प्रेमाचीच आहे, पण ती चौकशी आहे. तिला गप्पा म्हणता येणार नाही.

मदिनेतील तीन मुले

आपल्या समाजात एक समजूत आहे की, मोठ्या माणसाने मुलांत फार मिसळू नये, त्याने वचक राहत नाही. ही समजूत आपण कोठून आणली कोण जाणे. आपल्या धर्मातून तर खासच नाही. ज्यांच्या खांद्यावर एका संपूर्ण समाजाचा भार होता, त्या प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना मित्रांच्या मुलांशी दोस्ती करायला वेळ होता. तीन मुलांच्या हकीकती सांगतो. तिन्ही सहीह बुखारीत आलेल्या आहेत.

पहिला मुलगा अबू उमैर. हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांचा हा धाकटा भाऊ, आई उम्मे सुलैम, वडील अबू तलहा अन्सारी. पैगंबर साहेबांचे या घरी जाणे-येणे असे. मूल इतके लहान की नुकतेच दूध सुटलेले. त्याच्याजवळ एक लहानसे पाखरू होते, त्याच्याशी तो खेळे. अरबीत त्या पाखराला नुगैर म्हणत. एके दिवशी ते पाखरू मेले आणि मूल हिरमुसून बसले. पैगंबर साहेब आले, त्यांनी मुलाचा उतरलेला चेहरा पाहिला, कारण विचारून घेतले आणि मग त्या मुलालाच विचारले की, तुझ्या नुगैरचे काय झाले? उमैर आणि नुगैर या शब्दांचे यमक जुळते, म्हणजे तो प्रश्न एखाद्या बालगीतासारखा ऐकू येत असला पाहिजे. पाहा, पाखरू मेले तर दुसरे आणू, असे ते म्हणाले नाहीत. एवढ्याशा गोष्टीवरून रडतोस काय, असे तर नाहीच नाही. मुलाचे दुःख मुलाच्या मापाने मोजून त्यांनी त्याची विचारपूस केली.

याच एका लहानशा हकीकतीवर हिजरी सनाच्या चौथ्या शतकात इब्नुल-कास नावाच्या तबरिस्तानच्या फकीहाने स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तीतून साठ बोध काढून दाखविले. विद्वानांना ज्यात साठ धडे सापडले, तो प्रसंग एका मुलाच्या मेलेल्या पाखराचा होता, हे आपण विसरता कामा नये.

दुसरी मुलगी उम्मे खालिद. तिचे आई-वडील मक्केतील छळाला कंटाळून हबशा देशात गेले होते. तेथेच तिचा जन्म झाला. ती मदिनेस आली तेव्हा लहान होती आणि हबशांच्या भाषेत वाढलेली होती. पैगंबर साहेबांकडे काही वस्त्रे आली, त्यांत नक्षीचे एक लहानसे काळे वस्त्र होते. हे कोणाला द्यावे, असे त्यांनी जमलेल्यांना विचारले. मग त्या मुलीला बोलावून घेतले, स्वतःच्या हातांनी ते तिच्या अंगावर घातले आणि त्यावरची नक्षी दाखवीत तिला म्हणाले, सना, सना. हा शब्द अरबी नव्हे. हबशांच्या भाषेत त्याचा अर्थ सुंदर. परक्या गावी आलेल्या मुलीशी तिच्या बोलीतला शब्द हुडकून बोलणे, यापरते स्वागत ते कोणते? ती मुलगी त्यांच्या पाठीवरील नबुवतीच्या खुणेशी खेळू लागली, तेव्हा वडिलांनी तिला दटावले. पैगंबर साहेबांनी वडिलांनाच थांबविले. ही आठवण पुढे उम्मे खालिद यांनी स्वतःच सांगितली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

तिसरा मुलगा महमूद बिन रबी. वय वर्षे पाच. त्यांच्या घरच्या विहिरीचे पाणी बादलीत होते. पैगंबर साहेबांनी त्यातले पाणी तोंडात घेतले आणि गमतीने त्याच्या तोंडावर चूळ उडविली. एवढीच हकीकत. महमूद मोठे झाले आणि त्यांनी ती सांगितली. गंमत अशी की, किती वयाच्या मुलाने ऐकलेली-पाहिलेली गोष्ट विश्वसनीय धरावी, या हदीसशास्त्रातील गंभीर प्रश्नाची चर्चा करताना विद्वान याच प्रसंगाचा आधार घेतात. पाच वर्षांच्या मुलाच्या लक्षात काय राहिले? एका थोर माणसाने आपल्याशी केलेला खेळ. पालकहो, तुमच्या मुलालाही आजच्या दिवसातले जे पन्नास वर्षांनी आठवेल, ते तुम्ही दिलेले व्याख्यान नसेल.

पाट्यांचा खेळ

आता मदिनेहून एकदम खोपटला येतो. माझा एक जुना मित्र येथून जवळच राहतो. त्याची धाकटी मुलगी सहा वर्षांची. तिची आणि माझी गट्टी जमली ती आपल्या खोपटच्या एस.टी. स्थानकामुळे. रविवारी सकाळी मित्र तिला घेऊन खाली येई, आम्ही दोघे चहा घेत बसू आणि तिला आमच्या बोलण्याचा कंटाळा येई. म्हणून मी एक खेळ काढला. गाडी आत वळली की तिची पाटी जो आधी वाचील, त्याला एक शेंगदाणा. स्वारगेट, महाड, चिपळूण, अशी आमची शाळा सुरू झाली. थोड्याच दिवसांत माझा हुद्दा बदलला. कोणी तिला विचारले की, हे तुझ्या अब्बांचे दोस्त का, तर ती ठासून सांगे, अब्बांचे नाहीत, माझे. अब्बा नुसते बरोबर येतात.

खेळता खेळता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. फलाटाला लागलेल्या गाडीची पाटी ती माझ्या आधी वाची. पण फाटकातून वळणाऱ्या गाडीच्या वेळी प्रत्येक वेळा एकच उत्तर येई. महाड! गाडी कुठलीही असो, महाड. मी म्हटले, तुला महाड फार आवडते वाटते. ती म्हणाली, लांबची गाडी वाचायची नसतेच, ओळखायची असते. मोठ्या माणसांना ओळखता येते, मला अजून येत नाही.

मी मित्राला बाजूला घेऊन सांगितले. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले आणि मुलीला लांबचे स्पष्ट दिसत नाही, हे कळले. तिच्या प्रगतिपुस्तकात वर्षभर शेरा येत होता की, मुलगी हुशार आहे, पण फळ्याकडे लक्ष नसते. घरी त्यावरून बोलणी बसत होती. लक्ष नव्हते असे नाही, फळाच दिसत नव्हता. चष्मा लागल्यावरच्या रविवारी ती स्थानकात आली आणि फाटकातल्या गाड्यांच्या पाट्या, समोरच्या दुकानाचा फलक, भिंतीवरची जाहिरात, सगळे मोठ्याने वाचीत सुटली. माझ्याकडचे शेंगदाणे संपले. मग थांबून तिने विचारले, दोस्त, हे सगळे इथे आधीपासूनच लिहिलेले होते?

या प्रश्नावर तुम्ही विचार करावा, म्हणून ही हकीकत सांगितली. इतरांना आपल्यापेक्षा अधिक दिसते, हे मुलाला ठाऊक नसते. त्यामुळे ते तक्रार करू शकत नाही. डोळ्यांचेच नव्हे, कानांचे, भीतीचे, वर्गात कोणी चिडवते त्याचे, असेच असते. जे रोजचे आहे ते सर्वांचेच तसे असेल, असे मूल धरून चालते. आई-वडिलांची माया कमी पडली म्हणून हे त्यांना कळत नाही, असे मुळीच नाही. त्यांच्यावर मुलाची जबाबदारी असते, म्हणून त्यांच्या प्रत्येक प्रश्नात थोडी काळजी मिसळलेली असते, आणि काळजीचा वास आला की मूल बरोबर उत्तर काय असावे, याचा विचार करू लागते. मित्राला प्रगतिपुस्तकावर सही करायची नसते. त्याच्यापुढे मूल चुकायला भीत नाही. आणि जे मूल चुकायला भीत नाही, त्याला काय येत नाही हे लवकर कळते.

यात उपकार एकतर्फी आहे असेही समजू नका. आमच्या वयाला जो भेटतो तो रक्तातली साखर विचारतो, नाहीतर पेन्शनचा आकडा. मुलगी मला विचारते की, उंट झोपताना गुडघे कुठे ठेवतो? मला ठाऊक नसते. मग आम्ही दोघे शोधतो. आयुष्याच्या उतारावर कोणी आपल्याला पुन्हा विद्यार्थी करावे, हा केवढा आनंद आहे!

वर्धा आणि दिल्ली

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले एक उदाहरण देतो. महादेवभाई देसाई 1917 पासून गांधीजींचे चिटणीस होते. त्यांचा मुलगा नारायण, ज्याला सगळे बाबला म्हणत, 1924 साली जन्मला आणि साबरमती, वर्धा, सेवाग्राम येथे गांधीजींच्या अंगाखांद्यावर वाढला. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना आश्रमातली मुले त्यांना पत्रांतून प्रश्न विचारीत आणि ते तुरुंगातून उत्तरे पाठवीत. उत्तरे फारच त्रोटक येतात म्हणून या बाबलाने तक्रार केली. गीतेत अर्जुन लहानसा प्रश्न विचारतो आणि श्रीकृष्ण अध्यायभर उत्तर देतो. आम्ही मोठमोठे प्रश्न विचारतो आणि तुम्ही एका ओळीत वाटेला लावता, हे कसे? गांधीजी रागावले नाहीत. श्रीकृष्णाला एकच अर्जुन होता, मला कितीतरी आहेत, अशा आशयाचे त्यांनी उत्तर दिले. इतक्या मोठ्या माणसाशी वाद घालण्याचे धैर्य त्या मुलाला कोठून आले? मैत्रीतून आले.

हा मुलगा पुढे रूढ शाळेत शिकला नाही, वडिलांच्या व आश्रमवासीयांच्या हाताखाली शिकला. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही लगेच टाळ्या वाजवू नका! शाळा चालविणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून मी शाळा सोडण्याचा सल्ला देत नाही. सांगायचे आहे ते पुढचे. 15 ऑगस्ट 1942 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना महादेवभाई वारले, तेव्हा नारायण सतरा वर्षांचा होता. मोठेपणी त्यांनी शांतिसेनेत काम केले, दंगलींनी पेटलेल्या वस्त्यांत जाऊन दोन्ही समाजांची मने जुळविण्यासाठी आयुष्य वेचले, आणि गुजरातमधील 2002 च्या दंगलींनंतर वयाच्या ऐंशीच्या घरात गावोगाव गांधीकथा सांगत हिंडले. 2015 साली ते वारले. लहानपणी मिळालेला मोठा मित्र माणसाला किती वर्षे पुरतो, हे यावरून दिसते.

याच वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नव्या पायाभूत शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे आले. पुढे 1967 साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. त्यांच्या जामिया मिल्लियामध्ये गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाच्या एक जर्मन ज्यू बाई होत्या. झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहंमद मुजीब हे तिघे बर्लिनला शिकत असताना त्यांची ओळख झाली होती. हे तीन मित्र मायदेशी येऊन पगाराची शाश्वती नसलेली संस्था चालवीत आहेत, हे पाहून त्या स्वतः दिल्लीस आल्या आणि जामियातल्या अगदी लहान मुलांत रमल्या. मुले त्यांना आपाजान म्हणत. 1943 साली कर्करोगाने त्यांचा अंत झाला आणि जामियाच्या कबरस्तानातच त्यांना जागा मिळाली. त्या आल्या मित्रांसाठी; राहिल्या मित्रांच्या मुलांसाठी. धर्म वेगळा, भाषा वेगळी, देश वेगळा. मुलांनी यातले काहीही विचारले नाही.

दार उघडे ठेवून

इथे माझ्या भगिनींच्या मनात जी शंका आली असेल, ती मी ओळखतो. आजचे दिवस असे आहेत की, परक्या माणसाजवळ मूल सोडायला जीव धजत नाही. ही भीती खोटी नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध 2012 साली आपल्या देशाला पॉक्सो हा स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि असे गुन्हे करणारा पुष्कळदा ओळखीतलाच निघतो. म्हणून मी म्हणतो, मोठा मित्र असावा, पण दार उघडे ठेवून.

मघाच्या तीन हकीकती पुन्हा आठवा. अबू उमैरची विचारपूस त्याच्या आई-वडिलांच्या घरात झाली. उम्मे खालिदला वस्त्र मिळाले ते चारचौघांत, आणि ती पाठीशी खेळली ती वडिलांसमोर. महमूदच्या तोंडावर पाणी उडाले ते त्याच्याच घरी. तिन्ही ठिकाणी आडोसा नाही. हाच नियम आपण पाळावा. मैत्री घरच्यांच्या नजरेसमोर असावी. खाऊ किंवा भेटवस्तू आई-वडिलांना सांगून द्यावी. कुणाला सांगू नकोस, असे जो मुलाला म्हणतो, तो मुलाचा मित्र नव्हे. तेथे ताबडतोब थांबवावे. आणि मूल एखाद्याजवळ जायला नको म्हणत असेल, तर पाहुण्यांची मर्जी राखण्यासाठी त्याला पुढे ढकलू नये. अडचणीच्या वेळी 1098 हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांना पाठ असू द्या.

मुलाच्या ‘नाही’ला मान द्यावा, हेही आपल्याला शिकविलेलेच आहे. एकदा पैगंबर साहेबांनी पेय घेऊन प्याला पुढे द्यायचा होता. उजव्या बाजूस एक मुलगा होता, डाव्या बाजूस वडीलधारी मंडळी. रिवाजाने पाळी उजवीकडच्याची. वडीलधाऱ्यांना आधी देऊ का, अशी त्यांनी मुलाची परवानगी मागितली. मुलगा म्हणाला, आपल्याकडून मिळणारा वाटा मी कोणालाही देणार नाही. त्यांनी प्याला मुलाच्या हाती दिला. भर बैठकीत मुलाचा नकार मानणाऱ्या नबींचे आपण अनुयायी आहोत. ज्या मुलाच्या साध्या ‘नाही’ला घरात किंमत असते, तेच मूल संकटाच्या वेळी मोठ्याने ‘नाही’ म्हणू शकते.

मग करायचे काय? पालकांनो, तुमच्या दोस्तांत, मैत्रिणींत, एखादे माणूस असे असेलच की जे घरी आले की मूल धावत दाराशी येते. त्याला चहा पाजून लवकर वाटेला लावू नका. त्याला आणि मुलाला बैठकीच्या खोलीत अर्धा तास बोलू द्या, आणि मध्येच ‘काकांना कविता म्हणून दाखव’ असे फर्मान सोडू नका. तो माणूस सुतार असेल, रिक्षा चालवीत असेल, बँकेत असेल, आपल्या समाजाचा असेल वा नसेल. त्याच्या हातचे कसब, त्याच्या तोंडची भाषा, त्याने पाहिलेले जग तुमच्या मुलाला फुकट मिळते आहे. अशी शिकवणी कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही.

आणि मोठ्या वर्गातल्या विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही स्वतःला अजून लहान समजू नका. तुमच्या इमारतीत पहिली-दुसरीतले एखादे मूल असेलच. त्याच्या दृष्टीने तुम्ही मोठी माणसे आहात. त्याच्या आई-वडिलांना विचारून आठवड्यातून एकदा त्याच्याशी खेळा. मोबाइल खिशात ठेवा. त्याला शिकवायला जाऊ नका. ते काय म्हणते ते ऐका. त्याचे पाखरू मेले असेल, तर त्याचे काय झाले ते विचारा.

आपली संस्था इमारत उभारील, शिष्यवृत्ती देईल, चांगले शिक्षक नेमील. पण प्रत्येक मुलामागे एक मोठा मित्र उभा करणे हे कोणत्याही कार्यकारिणीला ठराव करून जमणारे नाही. ते काम तुमचे आणि माझे आहे, आणि त्याला वर्गणी लागत नाही.